विमानघरातले रविवार

अमरावतीत लढाईच्या विमानांचे एक संग्रहालय होते असे सांगितले, की बदली होऊन आलेली नवी माणसे माझ्या तोंडाकडे पाहून हसतात. मग मी त्यांना जिनिंगच्या जुन्या गोदामाकडे बोट दाखवतो. तिथे आता सरकीची पोती आहेत, त्यामुळे त्यांचे हसू काही थांबत नाही. खरे म्हणजे ‘विमानांचे’ म्हणणेही बरोबर नाही. विमान एकच होते. बाकीची अकरा लाकडाची होती, प्रत्येकी हातभर लांबीची. आकाशात कोणाचे विमान चालले आहे हे लोकांना ओळखता यावे म्हणून लढाईत ती एका बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून करून घेतली होती.

संपादकांनी ‘तुमच्या नोकरीतले अनुभव’ लिहा असे कळवले. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत मला सत्तावीस वर्षे झाली. त्यांतली बरीचशी रेकॉर्डरूममध्ये गेली आणि त्यांत सांगण्यासारखे फारसे नाही. सांगण्यासारखी आहेत ती जवळजवळ तीन वर्षे, आणि तीही बहुतेक रविवारचीच.

आमचे विमान दोन माणसांचे, उडायला शिकण्यासाठी वापरतात तसले होते. लढाई चालू असताना ते नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात उतरले. वैमानिकाला खरचटलेही नव्हते. गावाने त्याला भाकर खाऊ घातली आणि तो लष्करी मोटारीतून निघून गेला. विमान तिथेच राहिले. ते न्यायला तीन दिवसांत येतो म्हणालेले लोक लढाई संपेपर्यंत आले नाहीत. आमचे पोलीस पोचले चौथ्या दिवशी, आणि तोवर विमानाच्या अंगावरचे सुटण्यासारखे बरेच काही सुटले होते.

लढाई संपल्यावर साहेबांच्या मनात आले की जिल्ह्याने युद्धात केलेल्या कामाची आठवण म्हणून हे विमान, ती लाकडी विमाने, हवाई हल्ल्याचा भोंगा आणि आग विझवायच्या रेतीच्या बादल्या एके ठिकाणी ठेवाव्यात. विमान तीन बैलगाड्यांवरून अमरावतीला आले. जादा कामगिरी म्हणून रखवाली माझ्याकडे आली, कारण याद्या करण्याची माझी ख्याती होती. गोदाम बासष्ट फूट लांब आणि अठ्ठावीस फूट रुंद. विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत एकोणतीस फूट चार इंच. त्यामुळे विमानाचे नाक बाजूच्या भिंतीकडे करून उभे करावे लागले. दारातून येणाऱ्याला आधी पंखाचे टोकच दिसे. पहिल्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “हे रुसून बसलं काय जी?”

संग्रहालय सांभाळणे म्हणजे कुलूप लावणे आणि उघडणे, असे बाहेरच्यांना वाटते. मलाही आधी वाटे. प्रत्यक्षात वैशाखात रबर तडकते, पावसाळ्यात लोखंड गंजते, उंदीर वायरी खातात, वाळवी लाकडात शिरते, आणि येणारा प्रत्येक माणूस वस्तूला एकदा तरी बोट लावून पाहतोच. विमानाचे पंख पत्र्याचे नसतात, हे माझ्यासकट कोणालाच माहीत नव्हते. आत लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड आणि कापडावर रोगण. हे कळल्यावर आमच्या वऱ्हाडातल्या लोकांना केवढा आनंद झाला! “म्हंजे हा आपलाच कापूस उडून राह्यला!” असे निदान शंभर जण तरी म्हणाले असतील. ते कापड कापसाचे नाही, जवसाच्या जातीच्या धाग्याचे आहे, हे मी दर वेळी सांगत असे. शेवटी तशी पाटी लावली. पाटी कोणी वाचली नाही.

एक संत्र्याचे व्यापारी लागोपाठ चार रविवार आले. त्यांचा डोळा विमानाच्या पंख्यावर होता.

“बाबूजी, हा पंखा इथं उगाच पडून हाये. माह्या वखारीत लावतो. संत्री थंड राह्यतीन.”

मी सांगितले, हा वारा घालायचा पंखा नाही, विमान ओढायचा आहे.

“मंग एवढा मोठा काहून केला?” असे म्हणून ते रागाने निघून गेले.

दसऱ्याला लोक हळद-कुंकू घेऊन आले. शस्त्रपूजेत विमान नको असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? पण त्या रोगणाला ठिणगी लागली असती तर गोदाम उरले नसते. शेवटी फुले चालतील, दिवा-उदबत्ती नाही, असे ठरले. झेंडूच्या माळा गिरजाबाई माळिणीने आणल्या. ही बाई वडाळीच्या बाजूला फुलांचा मळा करी. तिचा नवरा वारलेला होता आणि माहेर नांदगावकडचे होते. बोलणे खणखणीत. “विमान गुलाबाचं नाई, झेंडूचंच गिऱ्हाईक हाये,” असे तिने पाहताक्षणी सांगितले.

आता चंपत मिस्त्रीबद्दल. तो बडनेऱ्याच्या जिनात फिटर होता. पहिल्या महिन्यात एका रविवारी आला आणि विमानाभोवती सात फेऱ्या मारून गेला. पुढच्या रविवारी स्वतःची हत्यारे घेऊन आला.

“बाबूजी, इंजिन उलटं बसवलं हाये,” तो म्हणाला.

मी घाबरलो. मला वाटले गाड्यांवरून उतरवताना आमच्याकडूनच काही चुकले.

“तसं नाई जी. बनवलंच उलटं. डोकं खाली, पाय वर. पन अक्कल पाहा बनवनाऱ्याची!”

त्यानंतर, सहा मैल सायकल मारून, तो जिनाच्या हंगामातसुद्धा क्वचितच चुकला. सरकारकडून त्याला काही मिळत नव्हते. मी यादी धरून बसे आणि तो विमानाखाली आडवा पडून एकेक भाग ओळखून सांगे. छापील पुस्तक कचेरीने मागवून घेतले होते. त्याप्रमाणे मुख्य भाग त्रेचाळीस. आमच्याकडे होते सव्वीस. सतरा नाहीत.

या सतरांसाठी मी फळा सुरू केला. दाराबाहेर एक शाळेचा जुना फळा टांगला आणि त्यावर खडूने लिहिले, की ज्यांच्याकडे विमानाचे भाग असतील त्यांनी आणून द्यावेत, कोणतीही चौकशी होणार नाही, आणि देणाऱ्याचे नाव येथे लिहिले जाईल. ‘चौकशी होणार नाही’ याला साहेबांची सही घेतली होती.

पहिला आला तो न्हावी. विमानातली पुढची खुर्ची त्याने दुकानात ठेवली होती आणि तीवर बसून दाढी करायला लांबून गिऱ्हाईक येई. खुर्ची देताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते. पण फळ्यावर नाव लिहून होताच त्याने चार माणसे गोळा करून मोठ्याने वाचून घेतले. त्याच महिन्यात एका मास्तरांनी दिशायंत्र आणले. एका घरून समोरची काच आली, ती देवघराला लावलेली होती आणि तिला अष्टगंधाचे डाग होते. ते मिस्त्रीने काढू दिले नाहीत.

हळूहळू फळा ही एक वेगळीच वस्तू झाली. लोक विमान पाहून जात, पण फळा वाचायला परत येत. किती माणसे आली, काय परत मिळाले, एवढेच मी लिहीत असे. मग कोणी म्हणाले, विमान ज्याच्या वावरात उतरले त्याला मुलगी झाली, लिहा. लिहिली. कोणाची कालवड हरवली, तीही लिहिली आणि ती सापडली. विमान नांदगावहून आणणाऱ्या तीन गाडीवानांपैकी एकाचे लग्न ठरले, तेव्हा तर मी अक्षता पडायची वेळसुद्धा लिहिली. रविवारी दुपारी गोदामाच्या सावलीत पंधरा-वीस माणसे सहज बसलेली असत. कोणी चिवडा आणी, कोणी हरभऱ्याचे ढाळे. ‘विमानघर’ हे नाव त्यांनीच दिले. कचेरीच्या कागदावरचे नाव बारा शब्दांचे होते, ते आता मलाही आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी भाग बेचाळीस झाले. एकच राहिला. इंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो नावाचे यंत्र असते, मोठ्या पेरूएवढे. अशी दोन लागतात. आमच्याकडे एक होते.

त्या सुमारास नागपूरहून परिपत्रक आले. जिल्ह्याजिल्ह्यांत पडून असलेल्या विमानांची यादी तीन रकान्यांत मागवली होती: भाग, आहे की नाही, स्थिती. सर्व भाग जागेवर असलेली विमाने उड्डाण शिकवणाऱ्या शाळेसाठी परत घेतली जातील. अपुरी विमाने जिल्ह्याकडेच राहतील. यादी गुरुवारच्या टपालाने जायची होती.

मी ते मिस्त्रीला वाचून दाखवले. तो एक भाग शोधायला तीन जिल्हे फिरलेला माणूस. पण तो हसला.

“म्हंजे आपलं राह्यते न?”

“राहते. एक भाग नाही.”

“बरं झालं बाप्पा, नाई सापडला ते.”

“पण तुम्हाला तर याचा आवाज ऐकायचा होता, मिस्त्री.”

“आयकला नाई तरी चालते जी. डोयासमोर असलं पाह्यजे.”

गुरुवारच्या आधीच्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास गिरजाबाई आली. डोक्यावर फुलांची टोपली नव्हती. काखेत लुगड्याच्या फडक्यात बांधलेले काहीतरी होते. ते तिने माझ्या टेबलावर ठेवले आणि गाठ सोडली.

“हे घ्या भाऊ तुमची डबी.”

मॅग्नेटो होते. तेल लावून, पुसून, लखलखीत ठेवलेले.

“हे तुमच्याकडे कुठून आले?”

“कुठून येईन? आमच्या ह्यायनं आणलं व्हतं त्या वावरातून.”

“मग तीन वर्षे का दिले नाही?”

“कामात व्हतं न! कामातली वस्तू कोनी देते का?”

काम कोणते, ते तिने सांगितले. या यंत्राचा दांडा हाताने फिरवला की आत खटका बसतो आणि तारेच्या टोकाला ठिणगी पडते. ती तार हातात धरली तर खांद्यापर्यंत झटका बसतो. गिरजाबाई वाताच्या दुखण्यावर असे झटके देत असे, मंगळवारी आणि शनिवारी.

“असल्या गोष्टीने कोणाला गुण येतो का?” मी म्हणालो.

“तुमच्या घरच्या बाईले इचारा. उजवा गुडघा कोनं बरा केला म्हना.”

मिस्त्री विमानाखाली होता. तिथून त्याचे हसणे ऐकू आले. घरी जाऊन विचारल्यावर कळले, सौभाग्यवती पाच वेळा जाऊन आल्या होत्या. ज्या वस्तूसाठी मी तीन जिल्ह्यांत पत्रे लिहीत होतो, तिचे झटके माझ्या घरातच घेतले जात होते.

“मग आजच कसे आणले?” मी गिरजाबाईला विचारले.

तिने फळ्याकडे बोट दाखवले. “न्हाव्याचं नाव आलं. मास्तरचं आलं. कालवडीचंबी आलं. माह्या माहेरचं सारं गाव आलं फळ्यावर. माहं काहून नाई?”

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. त्याने डबी उचलली, दांडा फिरवला, तार स्वतःच्याच बोटाला लावली आणि “आईगं!” म्हणून उडाला. सगळे हसले. गिरजाबाई सगळ्यांत मोठ्याने हसली. मिस्त्रीने डबी हळूच टेबलावर ठेवली आणि मला बाजूला बोलावले.

“बाबूजी, आज नोका लिवू.”

मला समजले, पण समजले नाही असे मी दाखवले.

“आठ दिवसानं लिवा. गुरुवारी कागद जाऊ द्या. मी काय खोटं लिवा म्हनून नाई राह्यलो. फक्त आज नोका लिवू.”

माझा एक नियम होता. वस्तू ज्या दिवशी आली त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, तिची नोंद. तीन वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. मी मिस्त्रीला तेच सांगितले. एक नोंद मागेपुढे केली तर बाकीच्या बेचाळीस नोंदींवर कोण विश्वास ठेवील, असेही म्हणालो.

“विश्वास कोनाले ठेवाचा हाये इथं? आमी ठेवून राह्यलो न तुमच्यावर.”

मी टेबलाशी येऊन बसलो. टाक घेतला आणि लिहिले.

इतकी वर्षे मी लोकांना सांगत आलो की मी नियमाने वागलो. ते खरे आहे, पण पुरते नाही. त्रेचाळिसांच्या यादीत एक रकाना तीन वर्षे रिकामा होता आणि तो मला रोज डाचत होता. तो भरायची संधी समोर आली तेव्हा माझ्या मनात नियमाच्या आधी आनंद आला. रिकामा रकाना भरल्याचा आनंद. मिस्त्री समोर उभा होता आणि त्याला तो माझ्या तोंडावर दिसला असणार. फळ्यावर गिरजाबाईचे नाव मी ठळक अक्षरांत लिहिले. ती वाचता येत नसताना बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली.

यादी गुरुवारी गेली. दीड महिन्याने एक तरुण अधिकारी आणि तीन माणसे ट्रक घेऊन आली. अधिकाऱ्याने यादीवरून एकेक भाग तपासला. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. “इतकी चोख यादी मला एकाही जिल्ह्यात मिळाली नाही,” तो म्हणाला. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मिस्त्री पंखांचे बोल्ट काढत होता. त्या लोकांना ते काढता येत होते, पण त्याने काढू दिले नाहीत.

विमान अकोल्याच्या धावपट्टीवर जोडून तिथून उडवत नेणार होते. पोच घ्यायला मला जाणे भाग होते. मिस्त्री न बोलवता ट्रकमध्ये बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंख बसवून झाले. पेट्रोल भरले. एका माणसाने पंखा हाताने फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडले आणि धूळ उडाली. मिस्त्रीने टोपी काढून हातात घेतली आणि डोळे मिटले. मी त्याच्याकडे पाहत होतो, त्यामुळे विमान धावायला लागलेले मला जरा उशिरा दिसले. पट्टी संपायच्या बरीच आधी चाके सुटली. एक घेर घेऊन ते नैर्ऋत्येकडे गेले. मी घड्याळ पाहिले, अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. ठिपका दिसेनासा व्हायला आणखी चार मिनिटे लागली.

परतीच्या मोटारीतून मिस्त्री बडनेऱ्याला उतरताना “येतो जी” एवढेच म्हणाला.

रविवारी मी नेहमीप्रमाणे दार उघडले. आत अकरा लाकडी विमाने, रेतीच्या बादल्या, भोंगा आणि मध्ये जमिनीवर चाकांचे दोन डाग. सकाळीच गिरजाबाई आली. दारातूनच तिने आत पाहिले.

“भाऊ, माह्या डबीनं गेलं का?”

मी नाही म्हणू शकलो असतो. तिला दुसरे कोणी काही सांगणार नव्हते.

“गेले ते माझ्या लिहिण्याने,” मी म्हणालो. “तुमच्या डबीने उडाले.”

तिने पदर सारखा केला. “मंग तसं लिवा फळ्यावर.”

मी लिहिले. दोन्ही वाक्ये लिहिली, पहिल्याखाली माझे नाव आणि दुसऱ्याखाली तिचे. तिने ते जाणाऱ्या एका पोस्टमनकडून वाचून घेतले, खात्री केली आणि गेली.

दुपारी मिस्त्री आला. सायकल भिंतीला टेकवली नाही, हातातच धरून फळ्यासमोर उभा राहिला. तो सावकाश वाचत असे. मी उठून दारात आलो. काही बोलावे असे फार वाटत होते. पण जे सुचत होते ते सगळे कचेरीतल्यासारखे वाटत होते.

“बाबूजी,” तो म्हणाला, “एक सिलिंडर चुकत होता, मधीमधी पेट घेत नव्हता. तिसरा. अकोल्यातच मले आयकू आलं. तेबी लिवा.”

मी खडू घेतला आणि लिहिले: चारपैकी तिसरा सिलिंडर चुकत होता. त्याखाली चंपत मिस्त्री, बडनेरा, असे लिहिले. शेवटचे अक्षर होईपर्यंत तो थांबला. मान हलवली. मग सायकलवर बसला आणि गेला.

गोदाम सरकीला देण्याचा हुकूम येईपर्यंत एकोणीस रविवार मिळाले. ते सगळे रविवार मी दहा ते सहा दार उघडे ठेवून बसलो. माझी खुर्ची जिथे होती तिथून बडनेऱ्याचा रस्ता रेल्वेच्या फाटकापर्यंत सरळ दिसतो.